महेमूदभाईंचा पाचवा हिस्सा

मंठ्याच्या त्या हायस्कुलात एकोणतीस वर्षांत सात मुख्याध्यापक होऊन गेले, विज्ञानाचे पाच शिक्षक होऊन गेले, प्रयोगशाळेच्या खिडक्यांच्या काचा किती गेल्या याची तर मोजदादच नाही. पण प्रयोगशाळेत महेमूदभाई मात्र एकच. कागदोपत्री त्यांचं पद प्रयोगशाळा परिचर. म्हणजे काचसामान धुवायचं, स्पिरिटचे दिवे भरायचे, सरांनी ‘ते आणा’ म्हटलं की ते आणायचं आणि तास संपला की सगळं जागच्या जागी ठेवून कुलूप लावायचं. कागदावर हे काम दोन ओळींत बसतं. महेमूदभाईंना ते उभा जन्म पुरलं, आणि त्यांना त्याचा कंटाळा आलेला कुणी पाहिला नाही.

उंच, मानेत किंचित वाकलेला माणूस. अंगात राखाडी सफारी, तिच्या खिशाला दोन पेनं, त्यातलं एक कायमचं वाळलेलं. चालत नाही तर बाळगता कशाला, असं विचारलं की म्हणत, असू द्या, जोडी हाय. परीक्षानळीला नुसती टिचकी मारून ती या वर्षी तडकणार की पुढच्या, हे ते सांगत, आणि ते बहुतेक खरं होई. मुलं त्यांना चाचा म्हणत, शिक्षक महेमूदभाई म्हणत, आणि नवा शिक्षक आला की पहिले सहा महिने ‘हे कुठं आहे’ एवढं एकच वाक्य तो त्यांच्याशी बोले.

पण तालुकाभर त्यांचं नाव होतं ते एका प्रयोगासाठी. प्रयोग साधाच. थाळीत पाणी घ्यायचं, मधोमध मेणबत्ती पेटवून उभी करायची, तिच्यावर काचेची बरणी पालथी घालायची. थोड्या वेळानं मेणबत्ती विझते आणि बाहेरचं पाणी बरणीत चढतं. याचा अर्थ वर्गावर्गातून पिढ्यान्‌पिढ्या असा सांगितला जातो की, जळायला ऑक्सिजन लागतो, मेणबत्तीनं बरणीतला तेवढा ऑक्सिजन खाल्ला, त्याची रिकामी जागा पाण्यानं घेतली. आणि हवेत ऑक्सिजन पाचवा हिस्सा, म्हणून पाणीही बरोबर पाचव्या हिश्श्यापर्यंत चढतं. आता गंमत अशी की बाकीच्या शाळांत ते पाणी आपल्या मर्जीनं चढायचं. कुठं जेमतेम बोटाच्या पेरभर, कुठं भलतंच वर. मग तिथले शिक्षक ‘साधारण पाचवा हिस्सा समजा’ म्हणून फळ्याकडे वळायचे. महेमूदभाईंच्या बरणीवर पाच सारख्या भागांची कागदी पट्टी डकवलेली असे, पहिल्या भागावर लाल रेघ असे, आणि निळीनं रंगवलेलं पाणी चढत चढत त्या रेघेला येऊन टेके. तिच्या वर जायचं नाही, खाली राहायचं नाही. तपासणीला साहेब येणार म्हटलं की शेजारच्या दोन शाळांमधून निरोप यायचा, महेमूदभाईला सकाळच्याला धाडून द्या. ते सफारी धुऊन जात आणि दुपारी नारळ घेऊन परत येत.

या रेघेमागं काय होतं ते फक्त महेमूदभाईंना माहीत होतं.

त्यांचा जन्म जुन्या जालन्यातला. वडील गॅसबत्त्या आणि स्टो दुरुस्त करायचे. लग्नसराईत दुकानात बत्त्यांची रांग लागे. आग हवा खाते हे महेमूदला शाळेत जायच्या आधीच कळलं होतं, कारण एकदा त्यानं चाळा म्हणून बत्तीच्या बुडाची भोकं मातीनं बुजवली होती, बत्ती धूर ओकून मेली होती आणि वडिलांनी कानाखाली वाजवली होती. दहावीच्या पुढं शिकायचं राहून गेलं. पुढं मंठ्याला ही नोकरी लागली. पहिल्याच वर्षी तपासणी आली. विज्ञानाला तेव्हा भागवत सर होते, हुशार माणूस पण रागीट. साहेबांच्या पुढ्यात सरांनी बरणी घातली आणि पाणी अर्ध्या वाटेवरच थांबलं. साहेब काही बोलले नाहीत. साहेब गेल्यावर सर मात्र पुष्कळ बोलले, आणि ते सगळं महेमूदला ऐकावं लागलं: बरणी नीट धुतली नसेल, मेणबत्ती हलकी आणली असेल, तुझं लक्षच नसतं, तुझा हातच तसा.

त्या दिवसापासून आठवडाभर शाळा सुटल्यावर महेमूद एकटाच बसला. बरणी बदलली, थाळी बदलली, मेणबत्ती बदलली. पाणी काही रेघेला येईना. त्याला वाटलं, या खोलीची हवाच कमअस्सल असणार. मागं मोंढा, सगळी धान्याची धूळ आत येते, तिच्यात कसला ऑक्सिजन. मग त्यानं एकीच्या दोन मेणबत्त्या केल्या. पाणी जास्त चढलं. तीन केल्या, आणखी चढलं. मग एकदा बरणी घालताना कुणीतरी हाक मारली म्हणून हात वरच थांबला, पालथी बरणी ज्योतींवर तशीच धरली गेली, आणि त्यानंतर पाण्यात टेकवली तर पाणी रेघेच्याही वर. बस, धागा हाती लागला. तीन मेणबत्त्या एकमेकींना चिकटवायच्या, बरणी वर धरायची, मनात अकरा मोजायचे, मग अलगद टेकवायची. पाणी रेघेवर. थंडीत बारा, उन्हाळ्यात दहा. भागवत सरांनी पुढच्या तपासणीला पाठ थोपटली, आणि ते अकरा आकडे महेमूदच्या पोटात गेले ते तिथंच राहिले.

त्यांना हे लबाडीचं वाटायचं का? वाटायचंही आणि नाहीही. पाचवा हिस्सा ऑक्सिजन आहे हे तर खरंच, मोठमोठ्या लोकांनी मोजलेलं. आपल्या सामानात खोट, म्हणून आपण हातानं थोडी मदत करतो, एवढंच. पाहुण्यापुढं चहा कमी पडला तर आत थोडं पाणी वाढवतात, तसं. अशी त्यांनी मनाची समजूत घालून ठेवली होती, आणि एकोणतीस वर्षांत ती हलवायला कुणी आलं नव्हतं.

निवृत्तीला वर्ष राहिलं तेव्हा वंदना मॅडम आल्या. हसनाबादकडच्या, शेतकऱ्याघरच्या, तिशी नुकतीच ओलांडलेल्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी सगळी कपाटं उघडून प्रत्येक वस्तूवर बोट ठेवून ‘हे चालतं का’ विचारलं. महेमूदभाईंना बाई आवडल्या. सहा महिने ‘कुठं आहे’ विचारणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. मात्र मेणबत्तीच्या प्रयोगाचा दिवस आला आणि महेमूदभाई सवयीनं बरणी घेऊन पुढं झाले, तेव्हा त्या म्हणाल्या की, या वेळी लेकरांनाच करू द्या, सहा गट करा. महेमूदभाईंनी बरणी हातातच धरून ठेवली. पण मॅडमचा शब्द. त्यांनी सहा बरण्या काढल्या, सहाही बरण्यांना पट्ट्या डकवल्या, लाल रेघा मारल्या. मेणबत्त्या मात्र प्रत्येकी एकच दिली. तीन दिल्या असत्या तर मुलांनी तीन का म्हणून विचारलं असतं.

आता या शाळेची एक रीत सांगितली पाहिजे, बहुधा इतर शाळांचीही असेल. प्रयोगवहीत निष्कर्ष आधी लिहितात आणि प्रयोग मागाहून करतात. थोरल्या भावाबहिणीची वही घरात असते, तिच्यातून साहित्य, कृती, निरीक्षण, निष्कर्ष सगळं सुबक उतरवून आणायचं आणि मग प्रयोगशाळेत मजा बघायची. त्या दिवशीही आठवीच्या बहुतेक वह्यांत पाणी आदल्या रात्रीच पाचव्या हिश्श्यापर्यंत चढून बसलेलं होतं. बरण्यांत ते कुठं पेरभर, कुठं त्याहून थोडं वर, एवढंच चढलं. पण वहीत लिहिलेलंच आहे म्हटल्यावर बरणीकडे कोण बघतो.

एका मुलीनं बघितलं. शालू तिचं नाव. मंठ्याजवळच्या खेड्यातून एसटीनं यायची. घरातली हायस्कुलात आलेली पहिलीच, त्यामुळे उतरवून घ्यायला घरात वही नव्हती. तिनं जे दिसलं ते लिहिलं. मेणबत्ती जळत होती तोवर पाणी जवळजवळ हललं नाही. बरणी टेकवल्यावर कडेनं बुडबुडे बाहेर आले. ज्योत विझल्यावर पाणी चटकन वर गेलं. रेघेच्या निम्म्यापर्यंतच गेलं. अक्षर गिचमिड, पण ओळी चार आणि चारही स्वच्छ.

मॅडम तेव्हा दुसऱ्या टोकाच्या गटाशी होत्या. महेमूदभाई सामान गोळा करत आले, त्यांची नजर वहीवर गेली आणि त्यांना मुलीची कीव आली. हे असंच तपासायला गेलं तर बिचारीचे गुण जाणार. खरं सांगायचं तर कीव अर्धी होती. उरलेल्या अर्ध्यात भीती होती, ती त्यांना नंतर कळली. ते हळूच म्हणाले, बेटा, हे चुकलं, थांब, दाखवतो. शेजारच्या दोन बरण्यांखालच्या मेणबत्त्या आणून त्यांनी तिच्या मेणबत्तीला जोडल्या, तिन्ही पेटवल्या, बरणी वर धरली, मनात मोजलं आणि टेकवली. निळं पाणी सुरसुरत रेघेला आलं.

“दिसलं का? प्रयोग बराबर हाय. तुझा हात चुकला.”

शालूनं रेघेकडे पाहिलं, चाचांच्या हाताकडे पाहिलं, स्वतःच्या हाताकडे पाहिलं. मग दप्तरातून खोडरबर काढलं. चारही ओळी खोडून तिनं शेजारणीच्या वहीतली ओळ उतरवली. महेमूदभाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि समाधानानं बरण्या धुवायला गेले.

गोष्ट एवढ्यावर संपली असती. पण दोनच दिवसांनी मॅडमनी तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी मुलं निवडली, त्यात शालूचं नाव पहिलं घेतलं. मुलगी वर्गात प्रश्न विचारते, हे त्यांनी हेरलं होतं. शालू मधल्या सुट्टीत प्रयोगशाळेच्या दारात आली आणि नाव काढा म्हणाली. मॅडमनी का म्हणून विचारलं. महेमूदभाई आत मोरीपाशी चंचुपात्रं विसळत होते.

“मला जमत न्हाई मॅडम,” ती म्हणाली. “मी बघून राह्यले ते चुकीचंच असतं. चाचांनी केलं की बराबर येतं. माझा हातच तसा हाय.”

मॅडम तिला समजावत राहिल्या, एका प्रयोगानं काय होतं, पुन्हा कर. ती मान हलवत राहिली आणि घंटा झाली तशी गेली. महेमूदभाईंनी नळ बंद केला. त्यांना आठवलं, भागवत सरांनी आपल्याला हेच म्हटलं होतं: तुझं लक्षच नसतं, तुझा हातच तसा. आपण निदान आठवडाभर एकटं बसून हट्टानं ते पाणी चढवलं होतं. ही पोर वही मिटून घरी चालली होती. आणि तिनं पाहिलं होतं ते अगदी खरं होतं, हे या शाळेत एकट्या आपल्याला माहीत आहे. ज्योत जळताना पाणी चढत नाही, विझल्यावर चढतं, हे आपणही एकोणतीस वर्षं बघत आलो. कडेचे बुडबुडेही बघत आलो. फक्त म्हटलं कधी नाही.

संध्याकाळी जेवताना त्यांनी हे सरदारबींना सांगितलं. सरदारबी त्यांची बायको. बोलणं थोडं, पण जे बोलतील ते मुद्द्याचं. अकरा आकड्यांची गोष्ट त्यांनाही आजवर ठाऊक नव्हती. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी आधी ताटात भाकरी वाढली, मग म्हणाल्या:

“उन्तीस साल में एकीच बच्ची ने बराबर देखी, और तुम उसकोच चुप बिठा दिए.”

महेमूदभाई म्हणाले की, सांगायला हरकत नाही, पण लोक काय म्हणतील. मंठ्यात मला कशासाठी ओळखतात? वर्षभरानं निरोपाच्या कार्यक्रमात भाषणं होतील, त्यात हेच बोलणार सगळे, महेमूदचा प्रयोग कधी चुकला नाही. तेवढं एकच माझ्या नावावर आहे. ते हातचलाखीचं निघालं तर माझ्याजवळ उरतं काय?  सरदारबींनी भाजीची वाटी पुढं सरकवली आणि जेवा म्हणाल्या. महेमूदभाई जेवले, पण चव त्यांना कळली नाही.

दुसऱ्या दिवशी गुरुवार. शाळा भरायच्या आधी मॅडम प्रयोगशाळेत वह्या तपासत बसल्या होत्या. महेमूदभाई त्यांच्या टेबलासमोर जाऊन उभे राहिले. त्यांना उभं राहायची सवय होती, पण बोलायच्या आधी हात पुसायची नव्हती. त्या दिवशी त्यांनी कोरडेच हात दोनदा पुसले. मग सगळं सांगून टाकलं. तपासणी, भागवत सर, तीन मेणबत्त्या, अकरा आकडे, आणि शालूचं खोडरबर. सांगून झाल्यावर म्हणाले, मॅडम, ही माझी लबाडी, पोरीची काही चूक न्हाई, तिचं नाव काढू नका.

वंदना मॅडमनी हातातली वही मिटली. मग त्यांनी विचारलेलं पहिलं वाक्य महेमूदभाईंना अगदी अनपेक्षित होतं. “थंडीत बारा मोजावे लागतात, असं म्हणाला ना तुम्ही? आणि उन्हाळ्यात दहा?”

“हो जी.”

“मला करून दाखवा. हळू करा.”

त्यांनी केलं. एका मेणबत्तीनं, मग तिनांनी, मग बरणी धरून, मग न धरता. मॅडम टेबलावर हनुवटी टेकवून लहान मुलीसारख्या बघत होत्या. तिसऱ्या खेपेला त्या उठल्या आणि म्हणाल्या की, महेमूदभाई, मीसुद्धा बी.एड.च्या कॉलेजात पाठ घेताना मुलांना हेच सांगितलं होतं, ऑक्सिजन संपला, पाणी चढलं. माझं पाणीही अर्ध्यावरच थांबलं होतं आणि मीही ‘साधारण समजा’ म्हटलं होतं. मग त्यांनी समजावलं. ज्योतीनं बरणीतली हवा तापते, तापली की फुगते, फुगलेली थोडी बाहेर निसटते, तेच कडेचे बुडबुडे. मेणबत्ती विझली की आतली हवा गार होऊन आकसते आणि पाणी वर ओढलं जातं. बरणी जितका वेळ ज्योतींवर धरावी तितकी हवा आधीच निघून जाते, तितकं पाणी जास्त. थंडीत गार बरणी तापायला वेळ लागतो, म्हणून बारा. मेणबत्तीला ऑक्सिजन लागतो हे खरंच. पण ती विझते तेव्हाही बरणीत पुष्कळ ऑक्सिजन उरलेला असतो, फक्त तिला जळायला पुरत नाही.

“म्हणजे तुमच्या सामानात काहीच खोट नव्हती,” त्या म्हणाल्या. “आपल्या सांगण्यात होती.”

महेमूदभाई मटकन स्टुलावर बसले. शिक्षकांसमोर ते प्रयोगशाळेत पहिल्यांदाच बसले असतील. मोंढ्याच्या धुळीला त्यांनी एवढी वर्षं उगाच बोल लावला होता.

मॅडमनी पुढं एक गोष्ट मागितली आणि ती सोपी नव्हती. हे तुम्हीच वर्गाला सांगायचं. मी सांगितलं तर मुलं ते वहीत उतरवतील आणि विसरतील. महेमूदभाई म्हणाले, पोरं घरी जाऊन सांगतील. मॅडम म्हणाल्या, सांगू द्या की.

त्याच दिवशी विज्ञानाच्या तासाला ते आठवीपुढं उभे राहिले. एकोणतीस वर्षं ते टेबलाच्या बाजूला उभे राहत आले होते, टेबलामागं नव्हे. आधी त्यांनी टेबलावरची थाळी सरळ केली. मग त्यांनी बरणी हातात घेतली, आणि बरणी हातात आल्यावर बोलणं आपोआप सुटलं. मी पाणी कसं चढवत होतो, बघा. हे एका मेणबत्तीचं. हे तिनांचं. हे अकरा मोजून. आता तुमच्यातला कुणीतरी मोजा, वीस मोजा. मुलांनी एका सुरात वीस मोजले आणि पाणी लाल रेघ ओलांडून दुसऱ्या भागात घुसलं, तेव्हा वर्गात हशा पिकला. महेमूदभाईही हसले. मग हसू ओसरलं तसं ते शालूच्या बाकाकडे वळले.

“बेटा, त्या दिवशी तुझा हात चुकला न्हवता. माझी जबान चुकली. तू लिहिल्तं ते समदं खरं हुतं, आन्‌ मी ते तुला खोडायला लावलं.”

 शालूचे कान लाल झाले होते. थोड्या वेळानं ती उठून उभी राहिली आणि तिनं विचारलं ते मॅडमना नव्हे, चाचांना. “मंग पाचवा हिस्सा ऑक्सिजन असतो, ते खरं हाय का खोटं?”

महेमूदभाईंनी मॅडमकडे पाहिलं. मॅडम म्हणाल्या, खरं आहे, पण आगीनं नाही दिसत; गंजानं दिसतं. लोखंड ओल्या हवेत गंजतं तेव्हा तेही ऑक्सिजन घेतं, पण सावकाश, काही न तापवता, आणि जवळजवळ सगळा घेऊन टाकतं. ओल्या परीक्षानळीत लोखंडाचा कीस चिकटवायचा, नळी पाण्यात पालथी घालायची आणि दोन दिवस हात लावायचा नाही.

कपाटातल्या बाटलीतला लोहकीस काढला तर तो कधीचाच गंजून तांबडी माती झालेला. महेमूदभाई शुक्रवारी नमाज झाल्यावर बस पकडून जालन्याला गेले. ज्या गावात लोखंडाच्या सळया रात्रंदिवस निघतात तिथं किसाला काय तोटा. जुन्या जालन्यातल्या एका ओळखीच्या लेथवाल्याकडून त्यांनी पिशवीभर कीस आणला. तो तेलकट होता. तेल राहिलं तर तो गंजणार नाही, म्हणून घरी सोड्याच्या गरम पाण्यानं दोनदा धुतला. सरदारबींनी विचारलं, चाळणी कुठल्या कामाला घेतली ते सांगाल का, आणि उत्तर ऐकून नवी चाळणी आणायला सांगितलं.

शनिवारी सकाळी शालूनं दोन नळ्या लावल्या. एकीत आतून कीस चिकटवलेला, दुसरी नुसती ओली. दोन्ही पंधरा सेंटिमीटरच्या, दोन्ही पाण्यात पालथ्या. महेमूदभाई तीन पावलं लांब उभे होते, हात पाठीमागं बांधून. शाळा सुटल्यावर त्यांनी खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली मॅडमच्या हातात ठेवली. ही किल्ली इतक्या वर्षांत त्यांच्या खिशाबाहेर राहिली नव्हती.

“ठेवा तुमच्यापाशी सोमवारपर्यंत,” ते म्हणाले. “हाताला सवय लागलीय.”

रविवार त्यांना फार लांब गेला. दोनदा शाळेच्या बाजूनं चक्कर झाली, पण ते फाटकातून आत गेले नाहीत. काही झालं नाही तर काय, हा विचार सारखा येत होता. एवढा वर्गापुढं कबूल झालो, पोरीला पुन्हा उभं केलं, आणि पाणी जागचं हललंच नाही तर ती परत म्हणणार, माझा हात. घरी येऊन ते सरदारबींना म्हणाले, कीस नीट धुतला होता ना मी? सरदारबी म्हणाल्या, चाळणीला विचारा.

सोमवारी आठवीचा वर्ग दारात गोळा झाला तेव्हा मॅडमनी कुलूप उघडलं. नुसत्या नळीत पाणी होतं तिथंच होतं. किसाच्या नळीत कीस तांबूस झाला होता आणि पाणी वर चढून थांबलं होतं. कुणी मेणबत्ती लावली नव्हती, कुणी मोजलं नव्हतं, खोलीत कुणी नव्हतंच. महेमूदभाई वाकून बघत राहिले. ज्या हिश्श्यासाठी त्यांनी एवढी वर्षं आकडे मोजले, तो आपणहून येऊन बसला होता. त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते लपवायची खटपट केली नाही.

शालूनं पट्टी लावली. एक डोळा मिटला, पट्टी सरळ केली, पुन्हा लावली.

“दोन पॉइंट नऊ,” ती म्हणाली.

पंधराचा पाचवा भाग तीन. महेमूदभाईंच्या तोंडून पटकन निघून गेलं, “मंग तीन लिही की बेटा, एवढ्यानं काय हुतंय.”

शालूनं त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिचं पेन चालू झालं होतं.

“न्हाई चाचा. दोन पॉइंट नऊच हाय,” ती म्हणाली, आणि तेच लिहिलं.

महेमूदभाईंनी आधी मॅडमकडे पाहिलं, मग त्या वहीकडे. त्यांनी उभ्या वर्गासमोर आपला कान धरला, आणि त्या दिवशी दुपारी डबा खाताना ज्याला त्याला ते सांगत सुटले की, आज आठवीच्या एका पोरीनं मला बराबर पकडलं.